दोन बोटं खाली

— अहो पेंटर, थांबा, थांबा! त्या पुसट खुणांना हात नका लावू. म्हणजे लावा, त्यासाठीच तर बोलावलंय तुम्हाला — पण जरा दमानं. काय म्हणालात, नातवाची उंची? छे! नातू असा दर आठवड्याला दोन बोटं खाली गेला असता, तर एव्हाना खिशात घालून फिरवला असता मी. हसा की, हसल्यानं रंग ओघळत नाही!

बायकोच्या आहेत त्या. तिच्या हाताच्या. गेल्या वर्षी छातीचं ऑपरेशन झालं तिचं — कॅन्सर, हो — डावी बाजू काढली, काखेतल्या गाठी काढल्या, वर रेडिएशन. आजार गेला, पण खांदा आखडून बसला. केस विंचरता येईनात, बाही चढेना. व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, भिंतीला लागून उभं राहायचं, बोटं मुंगीसारखी वर चालवायची, पोचतील तिथं खूण करायची. खुणेला काय, घरात सुतार आहेच! चाळीस वर्षं कानावर पेन्सिल बाळगलीय मी. माप सूतभर चुकलं नाही कधी, विचारा कुणालाही — बरं, नका विचारू.

पहिला आठवडा हात वर वर गेला. मग एके दिवशी दोन बोटं खाली. ती तिथंच फरशीवर बसली. म्हणाली, "आता मी अशीच राहणार." जेवली नाही. आता मला थट्टेशिवाय दुसरं येतंय काय? सासऱ्यांच्या चपला जमिनीला ठोकलेला माणूस मी! सकाळी ती अंघोळीला गेली, मी जुनी खूण खोडली नि तीन बोटं खाली नवी मारली. आली, बोटं चालवली — खुणेच्या वर! "अहो, वर गेला!" मी टाळ्या पिटल्या, नाचलो. मग काय, दर आठवड्याचंच झालं. हात खाली, खूण त्याच्याही खाली. एक दिवस म्हणाली, "सुधारतोय की, आता बाईंकडे कशाला जायचं?" तेव्हा बोलायला हवं होतं मी. हवं होतं ना? नाही बोललो. दोन महिने. काल फळीवरचा डबा काढताना किंचाळली. आज मुलगी बाईंकडे घेऊन गेलीय तिला. तिथं खरं माप निघणार, आणि ही घरी येऊन म्हणणार, माझाच व्यायाम कमी पडला. म्हणून म्हटलं, ती यायच्या आत भिंत रंगवून टाका. असं बघू नका हो. लाज वाटते म्हणूनच तर.

काय? नुसत्या रंगानं भागणार नाही? पुट्टी लागेल? अहो, खोडल्यात की मी — हां, सुताराची पेन्सिल, दाबून मारायची सवय, खाच पडलीय. बघू. लागतात खऱ्या बोटाला. एक, दोन... पार वरपर्यंत सगळ्या. पण तिचा हात कुठं एवढ्या वर —

थांबा हं. बाईंनी सांगितलं होतं, आधी चांगला हात चालवायचा, मग दुखरा. इथंच उभी राहून. म्हणजे उजवा हात रोज या सगळ्या खाचांवरून...

"अहो, वर गेला." माझ्याकडे बघून म्हणायची. भिंतीकडे नाही.

गाडी थांबली वाटतं खाली. डबा बंद करा, पेंटर. नाही, पुट्टी नको, काहीच नको. जा तुम्ही. जा म्हटलं ना.