आठवी ब मधलं महायुद्ध

…आणि वर मुख्याध्यापिका विचारतात, "सुरुवात कुणी केली?" आता हा काय प्रश्न झाला, तुम्हीच सांगा! अहो, पहिल्या महायुद्धावर मोठमोठे विद्वान शंभर वर्षं जाडजूड पुस्तकं लिहितायत, त्यांचं अजून जुळत नाही, आणि यांना आठवी ब कडून मधल्या सुट्टीत उत्तर पाहिजे… उत्कर्षाबाईंचं चुकलं काय? धडाच तर शिकवत होत्या.

तुम्हाला सांगतो, मी त्याच शाळेत चित्रकला शिकवतो, नारायण पेठेत, त्यामुळे काही डोळ्यांदेखत, काही बाईंच्याच तोंडून. बाई इतिहासाच्या. नऊ वर्षं महायुद्धाची कारणं सांगतायत आणि नऊ वर्षं पोरं जांभया देतायत, हे त्यांचं दुखणं. यंदा ठरवलं, नाटकच करायचं. एकेका मुलाला एकेक देश, छातीवर झेंड्याचा बिल्ला… बिल्ले मी रंगवले, म्हणजे शस्त्रपुरवठा आमचाच म्हणा. जर्मनी, म्हणजे ऑस्ट्रियाचा दोस्त, झाला शंभू. धायरीहून दोन बस बदलून येणारा, अंगानं दांडगा, स्वभावानं गाय. बाईंनी फळ्यावर नियम लिहिला : मित्रावर संकट आलं की मागं राहायचं नाही.

शेवटच्या बाकावरून मेहजबीननं विचारलं, बाई, मी कोण? बिल्ले संपले होते. बाई म्हणाल्या, तू भारत, ब्रिटनच्या शेजारी बस. मग मी कुणाच्या बाजूनं, असं तिनं विचारलं, तर बाई म्हणाल्या, "तुला कुणी विचारणार नाहीये." वर्ग हसला, बाईही हसल्या. खरंच होतं की ते, त्या वेळी आपल्याला कुणी विचारलं होतं? पण तेच हसू पुढं बाईंच्या घशात अडकलं…

तर राजपुत्राचा खून झाला, ऑस्ट्रियानं सर्बियाला धमकीचं पत्र दिलं, सर्बियाच्या पाठीशी रशिया उभा राहिला, पोरं अशी रंगली म्हणून सांगू! आणि शंभू म्हणतो कसा, "बाई, त्यांचं आपसात मिटत असेल तर मी खाली बसू?" पोरगं शहाणं हो! पण बाईंना आता नाटक सोडवेना. म्हणाल्या, "शंभू, नियम काय आहे?" शंभू उभाच राहिला. तेवढ्यात घंटा झाली, बाई 'उरलेलं उद्या' म्हणून चहाला गेल्या. युद्ध लावून चहाला! पण त्यांचं तरी काय, धडाच तर शिकवत होत्या…

मधल्या सुट्टीत ऑस्ट्रियानं सर्बियाचा डबा ओढला, 'शरण ये' म्हणून. रशियानं ऑस्ट्रियाची कॉलर धरली. मित्राची कॉलर धरली म्हटल्यावर शंभू रशियाकडं निघाला, इतक्यात मागून रशियाचा दोस्त फ्रान्स अंगावर आला, म्हणून वळला, तर वाटेत बेल्जियम, बिचारी मटकीची उसळ खात बसलेली, तिच्या डब्यावरच पाय! ब्रिटन पेटला. पेटला तो पेटला, वर मेहजबीनचा हात धरून 'चल, तू माझ्याकडून' म्हणत त्यानं तिला खसकन ओढलं, आणि ती बाकावरून खाली… मनगट मोडलं.

चौकशीत एकही पोरगं खोटं बोललं नाही. ऑस्ट्रिया म्हणे, आमचा राजपुत्र मेला. रशिया म्हणे, सर्बिया लहान आहे. फ्रान्स म्हणे, मी शब्द दिला होता. शंभू एवढंच म्हणाला, "बाईंनी सांगितलं होतं, मागं राहायचं नाही." मुख्याध्यापिकांनी बाईंकडं पाहिलं. बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. मग कागदावर लिहून दिलं, 'प्रकार घडला तेव्हा मी वर्गात नव्हते.' अक्षर न् अक्षर खरं! आणि शंभू सगळ्यांत दांडगा, म्हणून तीन दिवस वर्गाबाहेर, वर सगळ्या वर्गाची माफी मागायची. मागितली त्यानं, मान खाली घालून.

संध्याकाळी बाई बुधवार पेठेत गेल्या. मेहजबीनचे वडील, खालिदभाई, तिथं रेडिओ-मिक्सर दुरुस्त करतात. ते भांडतील म्हणून बाई तयारीनं गेल्या होत्या. खालिदभाईंनी स्टूल पुढं केलं. म्हणाले, "हाड आहे बाई, जुळेल. पण पोरगी सारखं विचारते, मी काय केलं होतं? तिला काय सांगू?" धडाच तर शिकवत होत्या, हे बाईंना स्वतःलासुद्धा म्हणवेना.

सकाळी बाई मुख्याध्यापिकांकडं जाऊन म्हणाल्या, सुरुवात मी केली. त्या म्हणाल्या, अहवाल वर गेलाय, सही झालीय, आता उकरू नका. तीन दिवसांनी शंभू वर्गात आला, मेहजबीन हात गळ्यात अडकवून आली, आणि बाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, "शंभूची चूक नव्हती. त्याला मी उभं केलं. चूक माझी."

मग ऑस्ट्रियानं हळूच विचारलं, "म्हणजे बाई, आमचं कुणाचंच चुकलं नाही ना?" आणि तुम्हाला सांगतो, सगळ्या राष्ट्रांचे चेहरे असे उजळले…

मेहजबीन तेवढी म्हणाली, "पण मला ओढलं ब्रिटननं."

ब्रिटन म्हणाला, "बाईंनी कबूल केलंय ना आता."

शंभूनं फक्त वही उघडली. आता बघा, बाई कबुली द्यायला गेल्या आणि सगळ्यांना सोडवून बसल्या! तेव्हापासून मधल्या सुट्टीत त्या वर्गातच बसतात. चहा शिपाई वर आणून देतो. दोन जिने चढेपर्यंत पार गार होतो, पण बाई काही म्हणत नाहीत… पितात.