चार तासांची पाटी

…नाही, गुडघ्याबद्दल मी बोलतच नाही, गुडघा बिचारा सहासष्ट वर्षांचा आहे, तो कुरकुरला तर आपण समजून घ्यावं, पण माणसांनी का कुरकुरावं ते मला सांगा. गावात चर्चच्या मागे खांबावर पिवळी पाटी आहे, 'ग्राउयोख निवारा, ४ तास', आणि बाण वर. आता बाण वर म्हणजे फारच वर, दीड हजार मीटर वर, ते मला मान्य आहे. पण चौतीस वर्षं लोक ती पाटी वाचून मुकाट्याने चढतायत, आणि आत्ता कुठे कोणाला तरी घड्याळ बघायचं सुचलं. चार तास. पाटीवर लिहिलंय. आणि लिहिलंय कोणी? मीच.

तुम्हाला सांगतो, झालं असं. आमच्या खोऱ्यातून ती लांब पल्ल्याची वाट जाते, अठ्ठावीस दिवसांची, त्यातला नववा दिवस माझा. माझा म्हणजे त्या टप्प्याचा राखणदार मी, फुकटात. खडकांवर वाटखुणेचे लाल-पांढरे पट्टे रंगवायचे, वादळात पडलेली झाडं कापायची, बर्फाने वाहून नेलेल्या फळ्या दर उन्हाळ्यात परत ओढ्यावर टाकायच्या, आणि पाट्या. तर मार्चमध्ये आमच्या गिर्यारोहण मंडळाची सभा, आणि अध्यक्षबाई रेनाटे, दातांची डॉक्टर आहे, म्हणजे समोरच्याचं तोंड भरून ठेवून मग स्वतः बोलायची सवय, ती म्हणते, "कासियान, तक्रारी आल्यात. लोकांना सात तास लागतात. वर पोचेपर्यंत जेवण संपलेलं असतं. पाटी बदलू या."

सात तास? अहो, सात तासांत माझी गाय जाईल वर, वाटेत चरून! हे मी बोललो सभेत. तर म्हणे, "मग तूच जाऊन दाखव ना." आणि मी, दोन ग्लास झाले होते ते सोडा, पण उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "चार तासांत नाही पोचलो तर नववा दिवस सोडला. द्या कोणालाही." बोलून बसलो आणि मग बुर्गलकडे बघितलं. बुर्गल माझी बायको. ती नुसती ताटातले बटाटे चिरत राहिली. घरी आल्यावर मला रात्रभर झोप नाही. कारण माझ्याकडे दुसरं आहे काय हो? मुलगी इन्सब्रुकला, गोठ्यात तीन गाई, आणि ही वाट. मुलीच्या वाढदिवसाची तारीख चुकेल माझी, पण त्या वाटेवरचा दगड चुकायचा नाही.

तर जुलैत, एका रविवारी, सकाळी सहाला निघालो. साक्षीदार बुर्गल, घड्याळ तिच्या हातात, मंडळाने तिलाच नेमलं कारण म्हणे ती खोटं बोलत नाही. ते मी तेहेतीस वर्षं भोगतोय. आता नियम असा, की पाटीवरचा वेळ निव्वळ चालण्याचा, थांबलेला वेळ धरत नाहीत. हा नियम मी नाही काढला, सगळ्या डोंगरांत तोच आहे. म्हणून बुटाची नाडी बांधली, मी म्हटलं, "थांबव घड्याळ." पाणी प्यायलो, "थांबव." मागे वळून दरी बघितली… "कासियान, दरी तू रोज बघतोस." "आज कौतुकाने बघतोय, थांबव." पुढे जंगल संपतं तिथे शेजाऱ्याची गाय वाटेत आडवी. मी थांबलो. बुर्गल म्हणते, "गाय थांबलीय, तू कशाला थांबलास? बाजूने जा." आता बाजूने चढ होता, आणि मला दम लागला होता, पण हे काय तोंडाने सांगायचं? मी गाईशी बोलत बसलो. दहा मिनिटं. गाईलाच कंटाळा आला, ती गेली.

साडेदहाला वरच्या कुरणातल्या गोठ्यावर पोचलो, जिथे उन्हाळ्यात चीज करतात. बुर्गल म्हणाली, "चाललेला वेळ, दोन तास चाळीस मिनिटं." आणि तिथेही पाटी, 'ग्राउयोख निवारा, २ तास', तीही माझीच. म्हणजे इथपर्यंत दोन व्हायला हवे होते, पण म्हटलं ठीक आहे, पुढे भरून काढू. त्या पाटीखाली एक डच जोडपं बसलेलं, बाई बूट काढून टाचेला पट्टी लावत होती. आणि दोन हजार मीटरच्या वर आमच्याकडे सगळे एकमेकांना अरे-तुरे, जज्ज असो की गवळी, त्यामुळे शिव्यासुद्धा मोकळ्या मनाने देतात. ती म्हणते, "ये, बस. ही पाटी कुठल्या शहाण्याने लिहिली असेल रे?" नवरा म्हणतो, "शहाण्याने नाही, बोकडाने." मी आभाळाकडे बघितलं. बुर्गल हळूच माझ्या कानात, "सांगू?" मी घाईघाईने पिशवीतलं धुरावलेलं डुकराचं मांस काढलं, अर्धं कापून त्यांना दिलं. लाच म्हणा हवं तर. चार तास, पाटीवर लिहिलंय, पण तोंडातून एक शब्द काढला नाही मी.

मग सुट्या, घसरत्या दगडांचा चढ. एक पाऊल वर, अर्धं खाली. ऊन डोक्यावर, गुडघा… नाही, गुडघ्याबद्दल मी बोलणार नव्हतो. साधारण एक वाजता, तिथे मी रचलेली दगडांची रास आहे, बुर्गल उभी राहिली आणि म्हणाली, "कासियान. चार तास झाले."

मी वर बघितलं. निवारा दिसत होता, काडेपेटीएवढा. अजून अडीच-तीन तासांची चढण. मी खाली बसलो. आता ही वाट दुसऱ्या कोणाची तरी होणार, तो येऊन माझ्या पट्ट्यांवर त्याचे पट्टे रंगवणार, आणि मी खाली गावात बसून लोकांना वर जाताना बघणार.

बुर्गल शेजारी बसली. म्हणाली, "हा वेळ तू मोजलास तो दिवस आठवतो?"

"आठवतो की. पहाटे निवाऱ्यावरून निघालो…"

"निवाऱ्यावरून," ती म्हणाली.

मी बुटाची नाडी सोडून परत बांधायला लागलो.

"मी तेव्हा त्या कुरणातल्या गोठ्यावर चीज करायला होते. तू वरून उड्या मारत आलास, घामाघूम. ताक प्यायलास. संध्याकाळपर्यंत बसलास. तो वेळ थांबण्यात धरलास. मग गावापर्यंत पळत गेलास, माझ्या आईला लग्नाचं विचारायला. तू उतरताना मोजलंस रे. आणि पाटी चढणाऱ्यांसाठी लावलीस."

मी म्हटलं, "तुला माहीत होतं?"

"पहिल्यापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"कोणी विचारलं नाही," ती म्हणाली, "आणि तू सगळ्यांना चार तास, चार तास म्हणून सांगायचास ना, ते मला ऐकायला आवडायचं."

उठलो, चालायला लागलो. साडेसहाला पोचलो. चाललेला वेळ सात तास पाच मिनिटं, थांबलेला वेळ… तो कोणी मोजू नये. निवारा चालवणारी झिटा दारात उभी. "क्नोडलचे गोळे संपले, कासियान. सूप आहे, तेही कोमट. तुझी पाटी, तूच भोग." प्यायलो कोमट सूप. डच जोडपं दोन तास आधीच पोचलेलं, त्यांनी माझ्यासाठी माझ्याच मांसाचे दोन तुकडे ठेवले होते.

दिलेला शब्द म्हणजे शब्द. सप्टेंबरच्या सभेत उभा राहिलो, कसं मोजलं तेही सांगितलं, हसून हसून रेनाटेच्या डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, "नववा दिवस सोडला." तिने पाटी बदलली, सात तास, आणि सगळ्या सभासदांना पत्र पाठवलं की नववा दिवस कोणाला हवाय. मी घरी बसून वाट बघतोय कोणाचं नाव येतं, जेवण जात नव्हतं मला. काल तिचा फोन आला. "कासियान, एकही नाव नाही आलं रे. लोक उत्साहाने येतात, चर्चमागे पाटी वाचतात आणि घरी जातात. तूच सांभाळ."

सांभाळतो. करणार काय? पण तुम्हाला म्हणून सांगतो, त्या पाटीवर तेव्हाच सात तास लिहिले असते ना, तर मीही कधी वर नसतो गेलो.