आजीला समजलं तरच पान उलटायचं

सन्माननीय अध्यक्षमहाराज, व्यासपीठावरची मोठी मंडळी, ज्यांच्यासाठी हा घाट घातला त्या आमच्या इंग्रजीच्या बाई, समोरचे पालक, आणि मागे खुर्च्या कुरकुरवणारी पोरं, सगळ्यांना माझा नमस्कार.

मला बोलायला का उभं केलंय, ते उभं करणाऱ्यांनाच ठाऊक. मी दुसरीतून शाळा सोडली. इंग्रजीचा आणि माझा संबंध औषधाच्या बाटलीपुरता.

मुलगी गेल्यावर नात माझ्याकडे आली. ती कामापुरतं बोलायची. मीही तशीच. जावई तर मुळातच अबोल. घरात सगळे 'ते झाल्यापासून' म्हणायचे. काय झालं, ते कोणी म्हणत नव्हतं. शेजारीण म्हणाली, सायकल दुकानाच्या माडीवर वाचनाचा वर्ग आहे, तिला न्या. मी नेलं. जिना अरुंद, म्हटलं दोनदा कोण चढणार, म्हणून तिथेच बसून राहिले.

बाईंना आयतं गिऱ्हाईक मिळालं. पुस्तक एकच, ते हातोहात फिरायचं. एकाने पान इंग्रजीत वाचायचं, मग त्यानेच ते आपल्या भाषेत मला सांगायचं. बाईंचा नियम असा, की आजीला समजलं तरच पान उलटायचं. आता सांगा, एवढा मान मला माझ्या घरात तरी कोणी दिला होता का?

गोष्ट जुनी, जगभर वाचतात म्हणे. एक नावाडीण आणि तिची लेक. एका लांबटांग्या पोराने अख्खं पान खडखड वाचलं आणि म्हणाला, "आजी, वादळ आलं."

"एवढ्या पानात एवढंच? वादळ काय हातपाय धुऊन, पाणी पिऊन आलं का रे?"

पोरं हसली. नात हसली नाही. पुस्तक तिच्याकडे आलं की ती पुढे सरकवायची. बाई तिला काही म्हणत नसत.

एके दिवशी गोष्टीतली नावाडीण तापाने पडली. दुसऱ्या दिवशी लांबटांग्याने सांगितलं, "आजी, मुलगी एकटीच नाव घेऊन निघाली."

मी म्हटलं, "एकटीच? आणि आई?"

त्याने बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "आजी, पुढे बघू."

"पुढे काय बघू? काल तापाने फणफणलेली बाई आज कुठे गेली? मला नाही समजलं. पान उलटायचं नाही."

मला काय माहीत, बाईंनी नातीसाठी मधली पानं क्लिप लावून बंद केली होती! चांगुलपणानेच केलं होतं. सगळ्या वर्गाला ठाऊक होतं, मी सोडून. आणि नात सोडून, असं त्यांना वाटत होतं.

नातीने पुस्तक ओढून घेतलं. क्लिप काढून टेबलावर ठेवली. वाचायला लागली. अडखळत, शब्दाखाली बोट धरून. खाली दुकानात कोणीतरी चाकात हवा भरत होतं, तो आवाज मला अजून आठवतो. वाचून झालं. मग नियमाप्रमाणे ती माझ्याकडे वळली.

"आजी, आई गेली."

बाई खिडकीकडे वळल्या. सगळी पोरं माझ्या तोंडाकडे बघत होती. मला रडू आलं नाही. तेव्हाही नाही, आजही नाही. उगाच रुमाल पुढे करू नका. मी म्हटलं, "समजलं. उलट पान."

तिने उलटलं. पुढचंही तिनेच वाचलं. घरी जाताना जिन्यात म्हणाली, "आजी, तू फार मध्ये मध्ये बोलतेस." कामापलीकडचं तिचं ते पहिलं वाक्य. त्यातही मला टोमणाच.

आता बाईंची बदली झाली. काल वर्गात लांबटांगा म्हणाला, "बाई कुठे जात नाहीत, सुट्टीवर चालल्यात." लगेच नात त्याच्यावर खेकसली, "क्लिप लावू नकोस."

मंडळींनी ऐकून घेतलं, आभारी आहे. अडाणी बाईची जीभ कुठे घसरली असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. आणि बाई, तुम्ही चाललात.

समजलं. उलटा पान.