घरगाडीतून दोन बॅटऱ्या काढल्याबाबत

नाव सोबतच्या फॉर्मवर लिहून दिलं आहे; बाजारात मला बॅटरीवाल्या काकू म्हणतात. वय ६३ वर्षे. धंदा: पूर्वी यजमानांबरोबर बॅटरी विक्री-दुरुस्तीचं दुकान, आता घरकाम. राहणार: त्याच बंद दुकानावरच्या दोन खोल्या.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, बॅटऱ्या मी काढल्या. ताकाला जाऊन भांडं लपवायची मला सवय नाही. पण चोरी हा शब्द फिर्यादीच्या कागदात राहू द्या, माझ्या जबाबात घालू नका. फिर्यादी हा माझा मुलगा आहे.

दुकान बंद करताना यजमानांनी एक जुनी मोटारहोम घेतली. आत दोन बिछाने, शेगडी, बेसिन. आम्ही तिला घरगाडी म्हणतो. चाळीस वर्षं लोकांच्या गाड्या चालू करून दिल्या, आता आपण फिरू, असं म्हणाले. फिरलो एकदाच, अकरा दिवस. मग ते विसरायला लागले. मुलाने किल्ली काढून घेतली आणि गाडी शहराबाहेरच्या आवारात नेऊन उभी केली. त्याला तीन वर्षं झाली.

उभ्या गाडीची बॅटरी आपोआप उतरते. महिन्या-दोन महिन्यांनी बघितलं नाही तर कायमची बसते. या गाडीत दोन आहेत, एक इंजिनची, एक आतल्या दिव्या-पंख्याची. म्हणून दर महिन्याच्या एक तारखेला सकाळच्या बसने मी यजमानांना घेऊन आवारात जाते. वायरी सोडवते, व्होल्ट बघते, पाणी भरते, चौकीदाराच्या खोलीतून वायर ओढून चार्जर लावते. चार्ज झाल्या की वायरी जोडून आतला दिवा लावते, आम्ही दोघं तासभर बसतो.

घरी यजमान मला 'अहो बाई' म्हणतात. ताट वाढलं की आभार मानतात. एकेचाळीस वर्षांच्या संसारात कधी मानले नव्हते. गाडीत मात्र वायरी सोडवताना मी मुद्दाम आधी प्लसच्या नटाला पाना लावते. ते लगेच खेकसतात, "अगं ए, आधी मायनस! पाना बॉडीला लागला तर ठिणगी उडेल. डोकं कुठंय तुझं?" मग परतीची बस येईपर्यंत ते मला ओळखतात. मुलांचं विचारतात, माझा गुडघा कसा आहे विचारतात. महिन्यातून तेवढाच वेळ. मी जाते ती त्यासाठी, गाडीचं काय करायचंय मला?

आज एक तारीख. साडेनऊला पोचलो. चौकीदार म्हणाला, "काकू, तुम्हाला ठाऊक नाही? गाडी विकली. अकराला न्यायला येणारेत." मी मुलाला फोन केला. तो म्हणाला, "आई, तीन वर्षं जागची हलली नाही ती. भंगार आहे. आणि बाबांनीच सही केलीय कागदावर."

सही कशी केली ते मला माहीत आहे. मागच्या रविवारी तो घरी आला होता. मी स्वयंपाकघरात होते. "बाबा, वॉरंटी कार्ड आहे, सही करा," असं म्हणाला. दुकानात यजमानांनी हजारो वॉरंटी कार्डांवर सह्या केल्या असतील, एकही वाचलं नसेल. "बॅटरीचा नंबर लिहिलास का?" एवढंच त्यांनी विचारलं. हा म्हणाला, लिहिला. बाप-लेक जुना खेळ खेळतायत असं वाटून मी आत हसले. हसले हेही लिहा. पोटच्या पोराने बापाचं दुखणं असं वापरून घ्यावं!

फोन ठेवला आणि मी दोन्ही बॅटऱ्या काढल्या. आज आधी मायनसच काढला, चूक करायला वेळ नव्हता. यजमान पायरीवर बसून होते, खेकसले नाहीत. चौकीदाराने ट्रॉली दिली, त्याचा यात दोष नाही. बॅटरी नसली तर गाडी आज जाणार नाही, एवढाच माझा विचार होता. पुढचं काही ठरवलं नव्हतं. पावणेबाराला तुमची जीप आली तेव्हा आम्ही बसथांब्यावर होतो, ट्रॉली उघड्यावर होती. चोर बसची वाट बघत बसतो का?

साहेबांनी विचारलं की, गाडी यजमानांची आहे, तर त्यांचं काय म्हणणं आहे. मी म्हटलं, त्यांनाच विचारा. साहेबांनी माझ्यासमोर, फिर्याद द्यायला ठाण्यात आलेल्या मुलाकडे बोट करून विचारलं, "आजोबा, हे कोण?" यजमान म्हणाले, "माझा मुलगा. फार गुणी आहे." मुलगा खाली बघत होता. मग साहेबांनी माझ्याकडे बोट केलं. यजमानांनी मला बराच वेळ न्याहाळलं आणि म्हणाले, "या बाई होय? चांगल्या आहेत हो. सोडा त्यांना, त्यांच्या घरी कुणीतरी वाट बघत असेल."

बॅटऱ्या मुलाला देऊन टाका.

लिहिलेला जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी बोलले तसाच आहे. खाली सही माझीच आहे आणि ती मी समजून केली आहे.