बोर्डावरचे प्रभाकरराव

आर्वीत एका दवाखान्यासमोर ऑटोची वाट पाहताना शेजारच्या दोन बायांचं बोलणं माझ्या कानावर पडलं.

“प्रमिलाबाई, दारावरच्या बोर्डावर तुमचेच प्रभाकरराव ना?”

“हो. खाली लिवलं हाये, ‘ऑपरेशन झालं, मी ठणठणीत.’”

“पण ते तं ऑपरेशनमध्येच गेले!”

“फोटो आदल्या दिवशीच काढला. डॉक्टर हसा म्हणाले, तं हसले बिचारे.”

“मंग बोर्ड काढाले सांगा ना.”

“सांगतलं. म्हणे, या फोटोनं लय पेशंट येऊन राह्यले.”

“अन् तुम्ही चूप बसल्या?”

“काल वर्षश्राद्ध होतं. घरी त्यायचा असा हसरा फोटो नाई, म्हून इथंच हार घालाले आलती. वॉचमननं अडवलं.”

“काऊन?”

“म्हणे, हार पाहून पेशंट दारातूनच वापस जातील.”