उन्हात ठेवलेली गिटार

मी मूळची पारनेर तालुक्यातली, कोरडवाहू भागातली. आमच्या घरात वाजणारी वस्तू म्हणजे एक रेडिओ, तोही दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या उशाशी, त्यामुळे वाद्यांशी माझा संबंध आला तो लग्नानंतर आणि तोही ऐकण्यापुरता. श्रीगोंद्याला शाळेच्या वाचनालयात मला नोकरी होती आणि हे साखर कारखान्यात फिटर. गळीत हंगाम संपला की हे ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे, लग्नांमधून, गावोगावच्या जत्रांमधून. इलेक्ट्रिक गिटार. लग्न ठरताना माझ्या आत्यानं विचारलं होतं, जावई कारखान्यात हायेत का तमाशात? हे हसून म्हणाले, ते हंगामावर हाय आत्याबाई.

काय सांगू तुम्हाला, मला त्यातलं काही कळायचं नाही. मी स्वयंपाकघरात, हे ओटीवर शिसवाच्या पाटावर बसलेले, तो पाट आमच्या लग्नातला, आणि मध्ये भिंत. वाजवतानाची त्यांची बोटं मी फार कमी पाहिली, आवाज मात्र रोज भिंतीतून आला. त्यांचे मित्र बाळूभाऊजी ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवायचे, ते आले की वाद ठरलेला. गिटारच्या मानेवर एक फळी असते, तिच्यावर बोटांनी तारा दाबतात, त्या फळीच्या लाकडानं आवाज बदलतो की नाही, हा वाद. बाळूभाऊजी म्हणायचे, बदलतोच, शिसवाचा गोडवा दुसऱ्या लाकडाला न्हाई. हे म्हणायचे, अरे ही इलेक्ट्रिक हाय, खालचं चुंबक तारेचं ऐकतं, फळीचं कुठं ऐकतं, फळी बोटापुरती. मग बाळूभाऊजी मला हाक मारायचे, वैनी, याला आज ताटाऐवजी पत्रावळीवर वाढा, जेवन तेच लागतं का बघू.

गेल्या उन्हाळ्यात हे गेले. छातीत कळ आली आणि दवाखान्याच्या वाटेवरच गेले, त्याबद्दल मी जास्त बोलत नाही. सुतक फिटलं तसं बायकांनी घर धुवायला काढलं, तुम्हाला माहीतच आहे, गोधड्या, भांडी, कपाटं, काही म्हणजे काही बिनधुतलं ठेवत नाहीत. माझ्या नणंदेनं, सुमनवन्संनी, गिटारही उचलली. भावाची वस्तू म्हणून दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही, ओल्या फडक्यानं, पुन्हा पुन्हा फडकं भिजवून, मायेनं पुसली आणि वाळायला पत्र्यावर ठेवली. रखरखीत ऊन. मी आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसले होते, तिथे मला टक् असा आवाज ऐकू आला आणि त्यामागून तार तुटल्याचा. मी उठून बाहेर धावले.

फळी मानेपासून सुटून वर आली होती, कडेनं वाकली होती आणि मधोमध चीर. वन्सं रडत म्हणाल्या, वैनी, म्या तर देव पुसावा तशी पुसली. मी गिटार उचलून आत सावलीत नेली.

मुक्ता, आमची मुलगी, वडिलांकडूनच शिकलेली. ती म्हणाली, आई, वर्षश्राद्धाला मी बाबांची गिटार वाजवणार, दुसरी फळी बसवून घेऊ. मी नको म्हटलं. पावसाळा गेला, दिवाळी गेली, मी नकोच म्हणत राहिले. ती म्हणे, बाबाच सांगायचे ना, लाकडानं आवाज बदलत नाही. मी मनात म्हणे, आणि बदलला तर? माणसाचा फोटो राहतो, चष्मा राहतो. मोबाईलमध्ये ऑर्केस्ट्राचं चित्रीकरण आहे, पण त्या गोंगाटात हे वेगळे ऐकू येत नाहीत. भिंतीतून येणारा तो आवाज आता फक्त त्या गिटारीत उरला होता, आणि तिला सुताराच्या हातात द्यायची मला धास्ती वाटायची. जुनी फळी मी मांडीवर घेऊन बसायची. त्यांची बोटं जिथं पडायची तिथं तारांखाली उथळ खळगे झालेले, गुळगुळीत. माझं बोट त्यात सैल पडायचं, त्यांची बोटं रुंद, फिटरची.

शेवटी वर्षश्राद्ध तोंडावर आलं, मी मुक्ताचं ऐकलं आणि रघुनाथ सुतार घरी आला. बैलगाड्या केलेला माणूस, गिटार पहिल्यांदाच हातात धरत होता. म्हणाला, बाई, आवाजाचं मला इचारू नका, मला त्यातलं कळत न्हाई. फळी बसवून देतो. पन नवं लाकूड नको, ते उन्हापान्यात हलतं, घरात जुनं शिसव हाय का? मुक्तानं माझ्याकडे पाहिलं आणि मी ओटीवरच्या पाटाकडे. करवत लागली तेव्हा मी आत जाऊन नळ सोडून उभी राहिले, ऐकू येऊ नये म्हणून.

वर्षश्राद्धाची जेवणं झाल्यावर मुक्ता ओटीवर बसली. मी स्वयंपाकघरात गेले, म्हटलं, मी इथूनच ऐकेन. तिनं यांचंच नेहमीचं वाजवलं. संपल्यावर बाळूभाऊजींनी बाहेरून विचारलं, वैनी, त्योच हाय का आवाज?

आणि मला सांगता येईना. मी आधीचा आठवायला गेले तर तिथं आत्ताचाच ऐकू येत होता, मुक्तानं वाजवलेला. त्याच्यामागे काही सापडेना. लाकडाला मी वर्षभर भ्यायले, आणि विसरत तर मीच होते. मी म्हटलं, तोच आहे.

बाळूभाऊजी म्हणाले, मग हरलो म्हना मी. आणि डोळे पुसत बसले.

मुक्ता पाणी प्यायला आत आली, हळूच म्हणाली, आई, आवाजाचं तुला माहीत, पण बोटं चुकतायत गं. बाबांच्या खळग्यात बोट आपोआप जायचं, आता नुसतं सपाट लागतं.

आता ती रोज संध्याकाळी वाजवते, खुर्चीवर बसून, पाट राहिला नाही. गिटार मी कुणाला पुसू देत नाही. जुनी फळी माझ्या कपाटात आहे, पुस्तकांच्या मागे. मुक्ताचं वाजवणं मध्येच थांबलं की माझं हातातलं काम तसंच राहतं, पुन्हा सुरू होईपर्यंत. नव्या फळीवर मी अधूनमधून बोट फिरवून बघते. अजून काही लागत नाही. खळगे पडायला आख्खं आयुष्य जावं लागतं, तेवढं मुक्ताला मिळो.