माक म्हणायचं नाही

थावी : ...ज्या वर्षी नीमोल बोलायला लागली ना, त्याच वर्षी आमचं शहर रिकामं केलं. पंच्याहत्तर साल. तिला पहिला शब्द फुटला आणि आठवडाभरात आम्ही बट्टमबांगच्या बाहेर, रस्त्यावर. माझ्या हातात एक पातेलं, आईच्या कडेवर ही. तुझा तो कॅमेरा चालू आहे का गं?

कुंथिया : नाही मावशी. बघा, झाकणसुद्धा काढलेलं नाही. इथे लाल दिवा लागला की चालू झाला समजायचं.

थावी : मग दिवा लागायच्या आत बोलून घेते. नीमोल बर्फ आणायला गेलीय. पाहुणी नोम पेन्हहून आली, तिला उसाचा रस बर्फाशिवाय कसा द्यायचा म्हणे. बाजारात चार जणींशी बोलल्याशिवाय ती परतत नाही. तेवढाच वेळ आहे आपल्याकडे.

कुंथिया : तुम्हाला बोलायचं नसेल तर राहू द्या. आम्ही कोणाला आग्रह करत नाही. नीमोलमावशींनी फोन केला, म्हणाल्या, पोल पॉटच्या वेळचं आमच्या घरातलं आता एकट्या माझ्या बहिणीला आठवतं, तिचं बोलणं तुमच्या संग्रहात ठेवून घ्या. म्हणून आले.

थावी : आई कशाने गेली म्हणाली ती?

कुंथिया : हिवतापाने.

थावी : ते मीच सांगितलंय तिला. चाळीस वर्षं तेच सांगतेय.

कुंथिया : मावशी, मलाही त्यांच्या येण्याआधी एक सांगायचं होतं. फोनवर त्यांनी विचारलं होतं, आम्हाला ठेवलं होतं त्या धरणाच्या वस्तीवर होता असा आणखी कोणी तुमच्याकडे बोललाय का. मी शोधलं. एक आजोबा आहेत. तीन वर्षांपूर्वी त्यांचं चित्रण केलेलं. ते एका बाईबद्दल बोलतात. टेलिफोन एक्सचेंजमध्ये नोकरीला होती, पण वस्तीवर मात्र आपण शेवया विकायचो असं सांगून राहिली. दोन मुली होत्या तिला.

थावी : नाव घेतलं त्याने?

कुंथिया : नाव त्यांना माहीत नव्हतं. टेलिफोनवाली म्हणतात.

थावी : टेलिफोनवाली आहे हे वस्तीवर कोणालाच माहीत नव्हतं.

कुंथिया : नेल्यावर कळलं, म्हणाले.

थावी : आणि का नेलं, ते?

कुंथिया : तेही सांगितलंय.

थावी : मग थांबलीस कशाला? मी होते तिथे. मला घाबरून काय करतेस?

कुंथिया : म्हणाले, पोरीच्या तोंडून माक गेलं. म्हणून बाई शहरातली आहे हे त्यांना कळलं.

थावी : हं.

कुंथिया : पाणी देऊ का मावशी?

थावी : माझ्याच घरात तू मला पाणी देणार? बस. तुला आता त्या शब्दाचं काय वाटणार म्हणा. हल्ली म्हशी राखणाऱ्याची पोरंसुद्धा आईला माक म्हणतात. तेव्हा तसं नव्हतं. खेड्यातलं पोर मॅ म्हणायचं. माक म्हणायचं ते शहरातलं, नोकरदाराचं, चष्मेवाल्याचं. पोल पॉटच्या काळ्या कपडेवाल्यांनी तो शब्दच बंद करून टाकला होता. शहरातला, शिकलेला सापडला की नेऊन मारायचे. आई आमच्याकडून घोकून घ्यायची. मॅ म्हणा, मॅ. मी दहा वर्षांची, मला एका दिवसात जमलं. हिला कुठून जमणार? हिचा तर पहिला शब्दच तो. माक म्हणाली की आई ऐकलंच नाही असं करायची. रडली तरी बघायची नाही. मॅ म्हणाली की मग उचलून घ्यायची. असं करत करत शिकली.

कुंथिया : मग?

थावी : मग सत्याहत्तर साली आईला माती वाहायला लांबच्या कालव्यावर पाठवलं. दोन महिने दिसली नाही. लावणीच्या दिवसांत परत आली. काय झालं होतं तिचं. केस मुंडल्यासारखे, गालांची हाडं वर आलेली. मी बघतेय आणि मला ओळखू येईना. हिने ओळखलं. जेवणाच्या छपराखालून उठली आणि ओरडत धावली. काय ओरडली ते आता तुला सांगायला नको.

कुंथिया : नको.

थावी : वस्तीच्या म्होरक्याची बायको तिथेच भात वाढत होती. ती रागावली नाही, काही नाही. हिला मांडीवर घेतलं, ताडगुळाचा खडा दिला हातात, आणि म्हणाली, बाळा, कोण आलं, परत सांग बघू. हिने परत सांगितलं. आणखी एक खडा दिला. आणखी सांगितलं. आई तिथेच उभी होती. दोन दिवस काही झालं नाही. मला वाटलं, सुटलो.

कुंथिया : नीमोलमावशींना यातलं काहीच आठवत नाही?

थावी : काही नाही. ताडगूळ अजून मिटक्या मारत खाते. मी बघत बसते. तू त्या म्हाताऱ्याचं ते पुसून टाक.

कुंथिया : तसं करता येत नाही मावशी.

थावी : एवढासा भाग. तेवढा काप.

कुंथिया : पितरांच्या पंधरवड्यात आम्ही तुमच्या विहारात पडदा लावणार आहोत. तिथे दाखवायचं नाही असं मी आमच्या सरांना सांगून बघेन. ते ऐकतीलही. पण संग्रहात ते राहणारच. तिथे कोणीही येतं, आपल्या वस्तीचं नाव सांगतं आणि ऐकत बसतं. आणि नीमोलमावशी तर येणार म्हणाल्यात. गाडीचं तिकीटसुद्धा विचारून ठेवलंय त्यांनी.

थावी : तिला येऊ नको म्हटलं तर ती दोनदा येईल.

कुंथिया : मला वाटलं, तुम्हाला आधी माहीत असलेलं बरं. तुम्हीच त्यांना समजावून सांगितलंत तर...

थावी : काय समजावू? चार वर्षांच्या पोरीला समजावता येतं. ही आता पंचेचाळीसची आहे, बालवाडीत पोरांना बोलायला शिकवते. तिला सांगू, की तुझ्या एका हाकेने आई गेली? आणि मग ती उद्या सकाळी त्या पोरांसमोर जाऊन उभी राहील, बोला बाळांनो म्हणेल?

कुंथिया : आणि कधीतरी त्या म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकलं तर?

थावी : तेच तर. तेव्हा मी नसेन शेजारी. मला झोप का लागत नाही असं डॉक्टर विचारतो. आता सांगेन त्याला.

कुंथिया : मोटरसायकलचा आवाज आला का?

थावी : नाही, तो शेजारचा पंप आहे. एक सांग. कोणती पोरगी म्हणाला तो?

कुंथिया : म्हणजे?

थावी : दोन पोरी होत्या म्हणालीस. शब्द कोणाच्या तोंडून गेला म्हणाला? थोरलीच्या की धाकटीच्या?

कुंथिया : पोरगी म्हणाले. एवढंच.

थावी : नीट ऐकलंस?

कुंथिया : इथे यायच्या आधी पुन्हा पुन्हा ऐकलं. लहान, मोठी, काही नाही. पोरगी.

थावी : आणि म्हातारा आहे का अजून?

कुंथिया : वारले. मागच्या उन्हाळ्यात.

थावी : चांगला माणूस होता म्हणायचा. नको तेवढं बोलला नाही. काढ तुझ्या कॅमेऱ्याचं झाकण.

कुंथिया : मावशी, तुमच्या मनात काय आहे?

थावी : माझं बोलणं घ्यायला आलीस ना? मग घे.

कुंथिया : एकदा आत गेलं की ते राहतं. तुमच्यानंतर, माझ्यानंतर. पुढची माणसं ते खरं धरून ऐकणार. आम्ही तेवढ्यासाठीच हे करतो. माझी स्वतःची आजी आहे त्या संग्रहात.

थावी : सगळं खरं बोलली तुझी आजी?

कुंथिया : ...ते मला कधी कळणार नाही.

थावी : तरी ऐकतेस ना?

कुंथिया : ऐकते.

(खाली मोटरसायकल थांबते. नीमोल बर्फाची पिशवी घेऊन लाकडी जिना चढून वर येते. कुंथिया कॅमेऱ्याचं झाकण काढते.)

नीमोल : अर्धा बर्फ वाटेतच वितळला. त्या बर्फवालीला म्हटलं, बाई, तू मला पाणी विकतेयस. ताई, हे काय, तू अजून त्याच जुन्या ब्लाउजवर? मी पांढरा इस्त्री करून ठेवला होता. पडद्यावर दिसणार आहेस तू.

थावी : गावाने मला जन्मभर ह्याच ब्लाउजात शेवया विकताना पाहिलंय. पांढऱ्यात पाहिलं तर म्हणतील, ही कोण?

नीमोल : बघितलंस कुंथिया? हे असं असतं. मागच्या वेळी विहारात तुमचा पडदा लावला होता तेव्हा सगळा गाव रडला. ही पहिल्याच बाईचं बोलणं सुरू झाल्यावर उठली, म्हणे डास चावतात.

थावी : चावत होते.

नीमोल : बरं, तू प्रश्न विचारायच्या आधी मी एक विचारू का? माझा एकच आहे.

कुंथिया : तुम्ही... नंतर विचारलंत तर चालेल का, मावशी? आधी साधं, गावाबिवाचं घेऊ.

थावी : विचारू दे तिला. दिवा लागला का?

कुंथिया : लावते. लागला.

नीमोल : मी आईला काय हाक मारायचे?

थावी : हे विचारायला तू ह्या पोरीला एवढ्या लांबून आणलंस?

नीमोल : हसू नकोस. पंधरवड्यात पहाटे आपण विहारात पिंड ठेवतो ना भाताचे, तेव्हा सगळे आपापल्या माणसांना हाका मारतात. शेजारची आजोबांना हाक मारते, तिची सून तिच्या आईला. मी नुसतं नाव घेते. केओ सामन, या, जेवा. टपालवाल्याने नाव पुकारावं तसं वाटतं. मला वाटतं ती कुठेतरी उभी असेल आणि म्हणत असेल, ही बाई कोण मला नावाने बोलावणारी? कुंथिया, मला तिचा चेहरा आठवत नाही. आवाज नाही. पण मी तिला काहीतरी म्हणतच असेन ना. ते तरी ताईला ठाऊक असेल.

थावी : ठाऊक आहे.

नीमोल : मग?

थावी : मॅ.

नीमोल : मॅ?

थावी : मॅ म्हणायचीस. आईने शिकवलं तसंच. एवढीशी होतीस, पण एकदा चुकली नाहीस.

नीमोल : मॅ. बरं झालं बाई. मॅ. मला उगीच वाटायचं की दुसरंच काही असेल. शहरातले होतो ना आपण.

थावी : शहरातलं म्हणायचं नाही असं होतं. आई घोकून घ्यायची. तू शिकलीस. चुकले मी.

नीमोल : काय चुकलीस?

थावी : आई तापाने गेली नाही, नीमोल.

नीमोल : ताई?

थावी : कालव्यावरून दोन महिन्यांनी आली. मी जेवणाच्या छपरात होते. दिसली आणि ओरडत धावले. माक, माक करत. बारा वर्षांची घोडी, सगळं कळत होतं, तरी तोंडातून गेलं. म्होरक्याच्या बायकोने ऐकलं. तिसऱ्या दिवशी आईला घेऊन गेले. तुला तेव्हा ताप होता, म्हणून मला ताप सुचला. मग तोच सांगत राहिले.

कुंथिया : मावशी.

थावी : काय गं? दिवा विझला का?

कुंथिया : नाही. चालू आहे.

थावी : मग चालू राहू दे.

नीमोल : म्हणून माझ्या पोरांना तू माक म्हणू द्यायची नाहीस. मला वाटायचं, ताई जुन्या वळणाची आहे. धाकट्याच्या तर तोंडावर मारली होतीस एकदा.

थावी : मारली होती.

नीमोल : मी चार दिवस बोलले नव्हते तुझ्याशी.

थावी : पाच.

नीमोल : आणि मी तेव्हा कुठे होते? आई आली तेव्हा?

थावी : होतीस तिथेच. बसून जेवत होतीस.

नीमोल : मी नाही धावले?

थावी : तू लहान होतीस. तुला ती ओळखूच आली नाही. तिचं रूपच तसं झालं होतं.

नीमोल : बघ ना. दोन महिन्यांनी आई समोर, आणि मी जेवत बसले.

थावी : त्यात काय. भूक होती.

नीमोल : ताई, इकडे बघ. माझ्याकडे बघ, कॅमेऱ्याकडे नको. एवढी वर्षं हे एकटीने घेऊन बसलीस? पोर होतीस गं. पोराला आई दिसली तर पोर काय करणार, विचार करून हाक मारणार? त्यांनी नेलं तिला. हाकेने कोणी मरत नाही. तुझा त्यात काही दोष नाही.

थावी : परत म्हण.

नीमोल : काय?

थावी : आत्ता म्हणालीस ते. कॅमेऱ्याकडे बघून म्हण.

नीमोल : मी कशाला? तुझं बोलणं घेतायत.

थावी : म्हण तू.

नीमोल : ती पोर होती. आईला बघून हाक मारली तिने. तिचा काही दोष नाही. झालं? आता रडू नकोस, माझंही नाक वाहायला लागलं. पडद्यावर काय दिसेल हे.

थावी : कुंथिया, हे सगळं आलं ना आत?

कुंथिया : आलं.

थावी : हिचा आवाजही?

कुंथिया : स्पष्ट आलाय.

थावी : आणि ही तुमच्याकडे आली, त्या वस्तीचं नाव सांगितलं, तर हेही लावून दाखवाल ना? त्या म्हाताऱ्याच्या शेजारी?

नीमोल : कोण म्हातारा?

कुंथिया : आमच्याकडे तुमच्या वस्तीवरचे एक आजोबा आहेत, मावशी. तुम्ही आलात की... मी स्वतः बसेन तुमच्याबरोबर. आधी हे लावू. मग त्यांचं.

नीमोल : बघितलंस ताई, ही पोरगी किती थकलीय. रस तसाच राहिला. थांब, मी गाळून आणते.

कुंथिया : एक मिनिट मावशी, थांबा. एवढं राहिलं. शेवटी आम्ही प्रत्येकाला विचारतो. जी व्यक्ती गेली तिचं नाव आणि साल. तुम्हाला जमेल तसं सांगा.

थावी : केओ सामन. आमची आई. सत्याहत्तर साली, भाताच्या लावणीत, त्यांनी तिला संध्याकाळी नेलं आणि त्याच संध्याकाळी मारलं. एकतीस वर्षांची होती.